बाबूजी, ‘तोच चंद्रमा’ आणि आमचा रौप्यमहोत्सव



यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप समितीकडून आला तेव्हा मी सवयीने टाळाटाळ केली. या स्मरणिकेत जमाखर्चाचे पान माझ्याकडे असते आणि तेवढेच आपल्या कुवतीचे आहे अशी माझी समजूत आहे. पण मग आठवले की तुम्हा मंडळींचे माझ्याकडे एक जुने देणे राहिले आहे. २०१९ च्या उत्सवात, तुमच्यापैकी बहुतेकांच्या समोर, हातात माईक धरून मी एक चूक केली होती. त्या वेळी कुणी काही बोलले नाही, उलट टाळ्याच पडल्या. ती चूक दुरुस्त करायची तर ज्यांच्या गाण्यापायी ती घडली त्या सुधीर फडक्यांबद्दल, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या बाबूजींबद्दल, जरा सविस्तर लिहावे लागेल.

२०१९ हे बाबूजी आणि गदिमा या दोघांचेही जन्मशताब्दी वर्ष होते. बाबूजींचा जन्म २५ जुलै १९१९ चा, माडगूळकरांचा १ ऑक्टोबर १९१९ चा. आपल्या समितीने तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता आणि निवेदन माझ्याकडे दिले होते. कारण काय, तर मी कोल्हापूरचा आणि बाबूजीही कोल्हापूरचे! एवढ्या पात्रतेवर मी माईक घेतला. कार्यक्रम छान चालला होता. मग ‘तोच चंद्रमा नभात’ची पाळी आली. हे गीत शांता शेळके यांचे, पण चाल आणि गळा बाबूजींचा, म्हणून यादीत घेतलेले. व्हाइटफील्डच्या एका कंपनीतला आपला तरुण मित्र कराओकेवर ते गाणार होता. त्याच वर्षी आमच्या लग्नाला २५ वर्षे झाली होती, सभागृहात आणखी दोन-तीन रौप्यमहोत्सवी जोडपी बसलेली होती. मला सुचले ते मी बोलून गेलो. चांदण्या रात्रीचे हे प्रेमगीत आजच्या सर्व रौप्यमहोत्सवी जोडप्यांना, अर्थातच माझ्या सौभाग्यवतींनाही, अर्पण करीत आहे, असे जाहीर केले. टाळ्या झाल्या. सौ. हसल्या. निदान मला तरी तसे वाटले.

रात्री साडेदहाला परत निघालो तर मारतहळ्ळीच्या पुलाखाली नेहमीप्रमाणे गाड्या अडकलेल्या. (या गावाच्या नावात आपण मंडळी ‘मराठा’ शोधतो, इथले जुने लोक त्याची निराळीच उपपत्ती सांगतात. रिंग रोडवर अडकून पडल्यावर असल्या संशोधनाला भरपूर वेळ मिळतो.) तिथे सौ.ने शांतपणे विचारले, की हे गाणे तुम्ही पहिल्या ओळीच्या पुढे कधी ऐकले आहे का? मी म्हटले, कमाल झाली, तीस वर्षे गुणगुणतो आहे. मग तिने त्या गाण्याचा अर्थ मला सांगितला, आणि घरी पोहोचेपर्यंत मी पुढे काही बोललो नाही. तो अर्थ काय होता ते पुढे येईलच. आधी बाबूजी.

बाबूजींचे मूळ नाव रामचंद्र विनायक फडके. ते जन्मले तेव्हा कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द चालू होती. अल्लादियाँ खाँसाहेबांसारखे गवई दरबारात होते, नाटक मंडळ्यांचा राबता होता, आणि बाबूजी दहा वर्षांचे असताना याच गावात प्रभात फिल्म कंपनी निघाली. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगाच नाही; आम्ही कोल्हापूरकर जरा जास्तच म्हणतो ते सोडा. वडील विनायकराव वकील होते. मुलाच्या गळ्यात गाणे आहे हे घरच्यांनी वेळीच ओळखले आणि पंडित वामनराव पाध्ये यांच्याकडे त्याची शास्त्रीय संगीताची तालीम सुरू झाली. तिथवर सगळे एखाद्या सुखवस्तू घरातल्या मुलासारखे. पण आई लवकर गेली, पुढे वडिलांची परिस्थिती खालावली आणि घर विस्कटले. गाण्याची तालीम झालेला, पण हातात दुसरे काहीही नसलेला एक मुलगा उरला.

यानंतरची काही वर्षे मला बाबूजींच्या चरित्रात सर्वांत महत्त्वाची वाटतात. आज आपण कंपनीचे ऑफर लेटर हातात घेऊन बंगळुरूला येतो, आल्यावर पहिले पंधरा दिवस गेस्ट हाऊस मिळते, आणि तरीही परमुलुखात आलो म्हणून उसासे टाकतो. बाबूजी मुंबईत आले तेव्हा राहायला संघाच्या कार्यालयातला आसरा आणि पोटाला मिळेल ते काम. कधी चहा विकला, कधी भाजी. तेही जमेना तेव्हा ते गाण्याच्या जोरावर उत्तर हिंदुस्थानात भटकत निघाले. एका गावात कुणाकडे तरी गाणे करायचे, मिळेल ती बिदागी घ्यायची आणि पुढचे गाव गाठायचे, असे करत ते थेट कलकत्त्यापर्यंत पोहोचले. उपासमार, आजारपण, अपमान सगळे वाट्याला आले. पुष्कळ वर्षांनी त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले, त्याला ‘जगाच्या पाठीवर’ हे आपल्याच एका चित्रपटाचे नाव दिले, आणि त्यात याच दिवसांबद्दल तपशीलवार लिहिले. यशाच्या दिवसांपर्यंत ते पुस्तक येतच नाही. ते अपुरे राहिले आणि त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. आपल्या लायब्ररीच्या कपाटात एक प्रत आहे, ज्यांनी नेली आहे त्यांनी कृपया परत करावी.

१९४१ मध्ये ते एच.एम.व्ही. कंपनीत लागले आणि भटकंती थांबली. १९४६ मध्ये प्रभातच्या ‘गोकुळ’ चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून १९३३ मध्येच पुण्याला गेली होती, हा मुलगा मुंबई, काशी, कलकत्ता असा वळसा घालून तिथे पोहोचला. त्यानंतरच्या चित्रपटांची यादी देत बसत नाही. ‘लाखाची गोष्ट’, ‘जगाच्या पाठीवर’, ‘सुवासिनी’, ‘प्रपंच’, ‘मुंबईचा जावई’, ‘आम्ही जातो अमुच्या गावा’ ही नावे उच्चारली तरी प्रत्येकाच्या घरात कुणीतरी गुणगुणायला लागेल. हिंदीतही १९६१ च्या ‘भाभी की चूड़ियाँ’मधले ‘ज्योति कलश छलके’ एवढे एक गाणे दिले असते तरी नाव राहिले असते.

बाबूजींच्या गाण्यात काय आहे हे मला शास्त्र म्हणून सांगता येणार नाही. बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांना ते आदर्श मानत, आणि त्यांचे गाणे ऐकताना ते पटते. आलाप-तानांची आतषबाजी नाही, पण एकेक सूर ठेवल्यासारखा जागेवर. आणि शब्द! मराठी शब्द कसा उच्चारावा हे शिकायचे तर बाबूजींचे गाणे ऐकावे. आमच्या सौ.ने त्या रात्री गाडीत आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. ‘तोच’ मधला ‘च’ आणि ‘चंद्रमा’ मधला ‘च’ हे दोन वेगळे ‘च’ आहेत. पहिला दातांजवळचा, आपल्या ‘चमचा’तला. दुसरा टाळूचा, संस्कृतातून आलेला. दोघे एकमेकांना खेटून उभे आहेत आणि बाबूजी दोन्ही वेगवेगळे, स्वच्छ म्हणतात, कुठेही शिकवल्यासारखे न वाटता. आपल्या तरुण मित्राने दोन्ही ‘च’ सारखेच म्हटले. त्यात त्याचा दोष नाही. तो शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि रिक्षावाल्याशी कन्नड बोलत वाढला, आमची दोन्ही मुलेही तशीच बोलतात. पण त्या दिवसापासून मला प्रत्येक ‘च’ ऐकू येतो, हा एक त्रासच झाला आहे.

२९ मे १९४९ रोजी बाबूजींचे लग्न ललिता देऊलकर यांच्याशी झाले. लग्नात मंगलाष्टके म्हटली महंमद रफींनी! ललिताबाई त्या वेळी स्वतः नावाजलेल्या पार्श्वगायिका होत्या. १९४८ च्या ‘नदिया के पार’मध्ये त्यांनी रफींबरोबर गायिलेली गाणी आहेत. लग्नानंतरही त्या गायल्या, गीतरामायणातही त्यांचा आवाज आहे, पण आधीच्या मानाने त्यांचे गाणे कमी होत गेले आणि संसाराचा व बाबूजींच्या अनेक उद्योगांचा भार वाढत गेला. मुलगा श्रीधर पुढे स्वतः संगीतकार आणि गायक झाला. बाबूजींवरच्या लेखांत ललिताबाईंना साधारण एक वाक्य मिळते. मीही २०१९ मध्ये माझ्या निवेदनात एकच वाक्य दिले होते, तेही मंगलाष्टकांच्या गमतीसाठी. त्या २०१० मध्ये गेल्या.

आता त्या अनेक उद्योगांबद्दल. बाबूजी हे फक्त गाणारे गृहस्थ नव्हते हे आपल्या मुलांना माहीत नसते, म्हणून लिहितो. ते संघाचे स्वयंसेवक आणि सावरकरांचे भक्त. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सोडवण्याचा जो सशस्त्र लढा झाला त्यात ते प्रत्यक्ष होते. या कामाला पैसा हवा म्हणून लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यात करण्यात आला होता. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. नुकतेच चित्रपटांत बस्तान बसलेला, घरी संसार असलेला पस्तिशीचा संगीतकार अशा कामाला निघतो, हे मी कितीदा वाचले तरी मला नवल वाटते. आपण रजेचा अर्ज टाकतानाही दोनदा विचार करतो.

गोव्याच्या मोहन रानडे यांची गोष्टही तशीच. रानडे गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध लढताना १९५५ मध्ये पकडले गेले आणि त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेण्यात आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा सुटला, पण रानडे सुटले नाहीत. लोक विसरत चालले. बाबूजींनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढली आणि पाठपुरावा सोडला नाही. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. मुंबई ग्राहक पंचायतीच्या उभारणीतही बाबूजींचा सहभाग होता. एखाद्या गोष्टीला धरले की धरले, असा हा माणूस.

आणि गीतरामायण. सिल्वासा मुक्त झाल्याला पुरते आठ महिनेही झाले नव्हते तेव्हा, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना आकाशवाणीचे सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, संगीत बाबूजींचे. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर ५२ गाणी व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५६ झाली. शेवटचे गीत १९ एप्रिल १९५६ रोजी लागले. पहिल्याच गीताचा कागद बाबूजींकडून हरवला आणि गदिमांनी चिडून, पण थोड्याच वेळात, ते पुन्हा लिहून दिले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे असे अनेक जण गायले होते. पुढे मात्र बाबूजी एकटेच, स्वतः पेटी वाजवत, सगळ्या पात्रांची गाणी गाऊ लागले, आणि लोकांच्या मनात गीतरामायण म्हणजे बाबूजींचाच आवाज असे समीकरण होऊन बसले. आमची आई सांगायची, त्या वर्षी गीताच्या वेळेला शेजारपाजारच्या बायका रेडिओ असलेल्या घरी जमायच्या आणि आधी रेडिओला हळदकुंकू व्हायचे. तेव्हा आमच्या गल्लीत रेडिओ दोनच होते.

मी स्वतः बाबूजींना एकदाच पाहिले. बारा-तेरा वर्षांचा असेन, वडिलांबरोबर गेलो होतो. आम्ही बरेच मागे बसलो होतो, त्यामुळे पेटीवरचे हात तेवढे दिसत होते. गदिमा १४ डिसेंबर १९७७ रोजी गेले होते, त्याला एक-दीड वर्ष झाले असावे. घरी परतताना वडील म्हणाले, ज्याने लिहिले तो गेला, आता रोज तेच शब्द तोंडाने म्हणायचे म्हणजे काय होत असेल. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटले नाही, मला भूक लागली होती. दोघांत रुसवेफुगवे पुष्कळ झाले, अबोलेही झाले, असे म्हणतात. पण १९७७ नंतर जवळजवळ पंचवीस वर्षे बाबूजी हीच गाणी गात होते. तेच व्यासपीठ, तीच पेटी, तेच शब्द.

इथे मी पुन्हा ‘तोच चंद्रमा’कडे येतो. मारतहळ्ळीच्या पुलाखाली मला जे सांगण्यात आले ते असे. हे विरहाचे गाणे नाही आणि मीलनाचेही नाही. चंद्र तोच आहे, चैत्रातली रात्र तीच आहे, एकांत आहे, आणि प्रिय व्यक्ती तर अगदी शेजारीच बसलेली आहे. कुणी दूर गेलेले नाही, कुणी फसवलेले नाही. सगळे काही जिथल्या तिथे आहे आणि तरीही ते जे काही होते ते आता नाही. ते शोधले तरी सापडत नाही, आणि जुने गाणे पुन्हा बांधता येत नाही अशी कबुली देऊन गीत संपते. म्हणजे २५ वर्षे संसार केलेल्या जोडप्याला, भरसभेत, टाळ्यांच्या गजरात मी हे ऐकवले होते! सौ. हसल्या त्या कशासाठी हे मला त्या रात्री कळले.

तिला हे माहीत होते कारण ती हे गाणे शिकली होती. लग्नाआधी सांगलीला ती सहा वर्षे गाणे शिकली. १९९६ मध्ये आम्ही इथे आलो तेव्हा तिची पेटी ट्रकमधून आली आणि जागा नाही म्हणून माळ्यावर गेली. मग मुले, मग माझे अमेरिकेचे रात्रीचे कॉल, आवाज नको म्हणून दारे बंद. दर घरबदलीत पेटी एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर जात राहिली. मी तिला गाऊ नकोस असे कधी म्हटले नाही. गा असेही म्हटले नाही.

या गीतामागे एक संस्कृत श्लोक आहे हे पुष्कळांना माहीत असेल. शांताबाईंचा संस्कृतचा व्यासंग दांडगा होता. शीलाभट्टारिका नावाच्या प्राचीन कवयित्रीचा तो श्लोक मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात उदाहरण म्हणून दिलेला आहे. त्यात बोलणारी स्त्री आहे. ज्याच्यावर तरुणपणी जीव जडला तोच आता नवरा आहे, त्याच चैत्राच्या रात्री आहेत, तोच फुलांचा गंध घेऊन येणारा वारा आहे, मीही तीच आहे. पण मन मात्र रेवेच्या काठी वेताच्या झाडीतल्या त्या चोरट्या भेटींसाठी झुरते, असा साधारण आशय. शांताबाईंनी यातून आपले स्वतंत्र गीत केले. बोलणारी स्त्री होती तिथे बोलणारा पुरुष आला. मला वाटते त्यांनी आणखीही एक बदल केला. संस्कृतातल्या त्या बाईचे मन अजून झुरते आहे, म्हणजे आत काहीतरी शिल्लक आहे. मराठी गाण्यातल्या माणसाजवळ तेही उरलेले नाही, आणि नाही एवढेच त्याला स्वच्छ दिसते आहे. हे माझे मत, जाणकारांनी दुरुस्त करावे.

बाबूजींनी ते ज्या पद्धतीने गायिले आहे तेही पाहण्यासारखे आहे. चाल यमनमधली. ‘पराधीन आहे जगती’लाही त्यांनी यमन कल्याणच योजला आहे. तिथे राम भरताची समजूत घालतो आहे, इथे एक माणूस स्वतःचीच समजूत घालतो आहे, पण ती पटत नाही. गळा कुठेही भरून येत नाही, हुंदका नाही, आवाज चढवणे नाही. तपासून पाहिल्यासारखी एकेक वस्तू तो मोजतो, चंद्र आहे, रात्र आहे, ती आहे, आणि हिशेब जुळत नाही. मी जमाखर्चवाला माणूस असल्याने मला ते असे ऐकू येते. तीस वर्षे मी ते प्रेमगीत समजून ऐकले यात थोडा दोष बाबूजींचाही आहे. इतक्या गोड आवाजात कुणी वाईट बातमी सांगितली तर ती बातमी वाटत नाही.

२०२० चा उत्सव कसा झाला ते आपण जाणतोच. हॉल नाही, कार्यक्रम नाही, आरती मोबाईलवर. त्या काळात एका दुपारी सौ.ने मला शिडी धरायला लावली आणि माळ्यावरून पेटी खाली काढली. भात्याला भोक पडले होते, चार-पाच पट्ट्या बोलत नव्हत्या, आत झुरळांची वस्ती होती. लॉकडाऊन उठल्यावर एका कारागिराकडून ती दुरुस्त करून आणली. कारागीर कन्नड, पेटी सांगलीची, बोलणे हिंदीतून, पण काम चोख. तिने पहिले काही महिने फक्त सूर धरून बसायचे ठरवले. मी कॉलवर असलो की आता मी बाल्कनीत जातो.

२०२३ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेकडून एक बातमी आली, ती सौ.नेच मला वाचून दाखवली. बदामीचा चालुक्य राजा विजयादित्य याच्या काळातल्या, इसवी सन ७१७ च्या एका ताम्रपटाच्या वाचनातून तिथल्या संशोधकांनी असे मांडले, की शीलाभट्टारिका ही चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीची मुलगी आणि गंग घराण्याची सून होती. म्हणजे माहेर बदामी, सासर दक्षिण कर्नाटकातले गंग, ज्यांची राजधानी कावेरीकाठचे तलकाड. आपण सहलीला गेलो होतो तेच वाळूतल्या देवळांचे तलकाड, बसने इथून तीन-साडेतीन तास! ज्या गाण्याला आपण पुण्या-मुंबईचे समजून इथे घेऊन आलो त्याचे मूळ बीज इथलेच निघाले. आणि रेवा म्हणजे नर्मदा. हर्षवर्धनाला पुलकेशीने अडवले ते त्याच नदीवर. बदामीची मुलगी कावेरीकाठी दिलेली, आणि तिच्या कवितेत नदी येते ती वडिलांच्या राज्याच्या उत्तर टोकाची. इतिहासकार हसतील, पण सौ. हसल्या नाहीत. सांगलीहून इथवर आलेल्या बाईला कृष्णेचा घाट आठवतो, एवढेच त्या म्हणाल्या.

बाबूजींची शेवटची वर्षे ‘वीर सावरकर’ या चित्रपटात गेली. लोकांकडून वर्गणी गोळा करून हा चित्रपट करायचा असा त्यांचा संकल्प होता. त्याला वर्षानुवर्षे लागली, अडचणी आल्या, प्रकृती साथ देईना, पण ज्याला धरले ते सोडायचे नाही हा स्वभाव जाणार कुठे! १६ नोव्हेंबर २००१ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यानंतर आठ महिन्यांनी, २९ जुलै २००२ रोजी, मुंबईत बाबूजी गेले. चारच दिवसांपूर्वी त्यांना ८३ वर्षे पूर्ण झाली होती. शांताबाई त्याच वर्षी ६ जूनला गेल्या होत्या. म्हणजे ज्यांनी ‘तोच चंद्रमा’ लिहिले आणि ज्यांनी गायिले ते दोघे दोन महिन्यांच्या आत गेले. मी त्या वेळी दोन आठवड्यांसाठी परदेशी होतो आणि मला बाबूजींची बातमी चार दिवसांनी कळली. मुंबईत बोरिवलीच्या उड्डाणपुलाला आज त्यांचे नाव आहे, आणि १ मे २०२४ रोजी त्यांच्या आयुष्यावरचा ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ हा चित्रपट आला. तो आम्ही दोघांनी पाहिला. भटकंतीचा भाग आला तेव्हा मला पुस्तकातली पाने आठवत होती.

तर आता दुरुस्ती. २०१९ मध्ये ज्या जोडप्यांना मी ते गाणे अर्पण केले त्या सर्वांची मी मनापासून क्षमा मागतो. त्यातल्या एका काकांनी मला नंतर सांगितले, की त्यांना अर्थ आधीपासून माहीत होता आणि तरीही त्यांना ते आवडले. काकू शेजारीच होत्या, म्हणून मी जास्त विचारले नाही.

यंदाही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम आहे. ‘तोच चंद्रमा नभात’ आमच्या सौ. म्हणणार आहेत, पेटी त्यांचीच, तबल्यावर आपला व्हाइटफील्डचा मित्र. गेले दोन महिने दर शनिवारी तो सरावाला आमच्या घरी येतो आणि सरावाआधी त्याला ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ दहा-दहा वेळा म्हणावे लागते. निवेदन या वेळी माझ्याकडे दिलेले नाही. माझ्याकडे पार्किंग आहे. कार्यक्रम बरोबर साडेसातला सुरू होईल. रिंग रोडने येणाऱ्यांनी पुलाखालची गर्दी लक्षात घेऊन घरून सहालाच निघावे, ही विनंती.